अंगणात जंगली स्ट्रॉबेरी पसरवायची आहे, कोकणात जमेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वेळणेश्वरजवळ सासरचं घर आहे, समोर अंगण, मागे पोफळी नि माड, मधल्या जागेत लॉन नको कारण त्याला पाणीही लागतं नि कापायला माणूसही, आणि अमेरिकेत बहिणीकडे जंगली स्ट्रॉबेरी जमिनीवर चटईसारखी पसरलेली बघितली, येताजाता तोडून खायची, तर तसं इथे होईल का, ऑनलाइन बी दिसतंय ते मागवू का. शिवाय माळ्याने पिवळ्या फुलांची एक वेल सुचवलीय ती लावू का, आणि मुलीने स्ट्रॉबेरीचा हट्टच धरलाय.

बी मागवू नका. बाकीचं सविस्तर सांगतो, मी याच पट्ट्यात लोकांच्या वाड्या नि परसबागा करून देतो त्यामुळे हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच.

बहिणीकडे जी आहे ती बहुतेक फ्रागारिया व्हर्जिनियाना नाहीतर फ्रागारिया व्हेस्का. दोन्ही तिथल्या रानातल्याच, कुणी न लावता उगवणाऱ्या. रोपं फूटफूटभर अंतरावर लावायची, त्यांना धावते फुटवे येतात, फुटवा जमिनीला टेकला की तिथे मुळं धरतो नि नवीन रोप तयार, असं करत एकदोन वर्षात जमीन झाकून जाते. उंची वीतभर, थोडी सावली चालते, फळ जेमतेम करंगळीच्या पेराएवढं पण वास असा की बाजारातली मोठी स्ट्रॉबेरी त्यापुढे पाणचट वाटते. फक्त एक, त्यावर चालायचं नसतं, अधूनमधून पाय पडला तर ठीक पण रोजची पायवाट त्यावरून गेली की ती मरते, तेव्हा लॉनच्या जागी लावतात म्हणजे झाडाखाली किंवा कडेला लावतात, मधोमध नाही.

आता ती तिथे इतकी सुखात का राहते ते बघा. तिथल्या थंडीत ती जवळजवळ झोपून जाते, पानं लालसर होतात, वर बर्फ पडलं तरी बिघडत नाही. आणि शरद ऋतूत दिवस लहान झाले नि तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की तिच्या कोंबात पुढच्या फुलाची तयारी होते, ती फुलं मग वसंतात बाहेर पडतात. म्हणजे थंडी तिला सहन करावी लागत नाही, थंडी तिला पाहिजेच असते. आपल्याकडे रत्नागिरीच्या किनाऱ्याला जानेवारीतसुद्धा रात्रीचं तापमान १८-१९ च्या आसपास आणि दुपारी ३० च्या वर. दापोलीत काही वर्षी पारा १० पर्यंत उतरतो, म्हणून तर त्याला मिनी महाबळेश्वर म्हणतात, पण ते चार दिवसांचं कौतुक. वेळणेश्वरला समुद्र पायाशी आहे, तिथे तेवढंही नाही. अशा हवेत रोप जगतं, पानं काढतं, फुटवे काढतं, पण फूल धरायला बघत नाही.

आणि हे झालं थंडीचं. खरा घात पावसात होतो. वर्षाचा ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. स्ट्रॉबेरीची मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात आणि रोपाचा जो गड्डा असतो, ज्यातून पानं निघतात, तो सतत ओला राहिला की आतून कुजतो. जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही, उतार असला तर निचराही चांगला होतो, तरी हवाच ओली असते त्याला काय करणार, महिनाभर ऊन नाही, पानावर बुरशी, खाली गोगलगायी.

लोक म्हणतात मग महाबळेश्वरला कशी येते, तिथे तर आपल्यापेक्षा जास्त पाऊस. बरोबर, पण तिथे शेतकरी ती पावसात शेतात ठेवतच नाही. मातृरोपं घाटमाथ्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या भागात वाढवतात, फुटव्यांपासून रोपं करतात, पाऊस सरता सरता सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर लावतात, वर प्लास्टिकचा कागद, खाली ठिबक, आणि साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फळं काढून झाली की ते पीक संपलं. पुढच्या वर्षी पुन्हा नवीन रोपं. समुद्रसपाटीपासून साधारण १३७० मीटर उंचीवरच्या गावातली ही गोष्ट. तिथेही जिला कुणी बारमाही जमिनीवर पसरू देत नाही ती आपल्या किनाऱ्यावर पसरेल ही आशाच सोडा.

कुणीतरी तुम्हाला बीच स्ट्रॉबेरीबद्दलही सांगेल, फ्रागारिया चिलोएन्सिस, ती खरोखर समुद्रकाठच्या वाळूत वाढते, खारे वारे सोसते, पानं जाड नि तुकतुकीत. या चिलीच्या स्ट्रॉबेरीचीच रोपं फ्रेझिए नावाचा फ्रेंच इंजिनियर १७१४ साली फ्रान्सला घेऊन गेला नि तिथे व्हर्जिनियानाशी तिचा संकर होऊन आजची बाजारातली स्ट्रॉबेरी जन्मली. पण तिचा समुद्र म्हणजे अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतचा नि खाली चिलीचा पॅसिफिक, उन्हाळ्यातही पाणी गार नि सकाळी धुकं. समुद्रकिनारा म्हटलं म्हणून आपला नि तो एक होत नाही.

देशी म्हणावी तर हिमालयात फ्रागारिया नुबिकोला आहे, साधारण दीड हजार मीटरच्या वर. तीही आपल्या कामाची नाही.

आता ऑनलाइनचं. जंगली स्ट्रॉबेरी म्हणून आपल्याकडे जी रोपं कुरियरने येतात त्यात बऱ्याचदा पोटेंटिला इंडिका असते, नकली स्ट्रॉबेरी. पान तीन पर्णिकांचंच, धावते फुटवेही तसेच, फळही लाल नि गोल, म्हणून माणूस फसतो. ओळखायचं फुलावरून, खऱ्या स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं, हिचं पिवळं. आणि हिचं फळ वर तोंड करून उभं असतं, लोंबत नाही. विषारी नाही, मुलीने खाल्लं तर घाबरायचं कारण नाही, पण चव म्हणाल तर ओला कापूस. आणि निळ्या, काळ्या स्ट्रॉबेरीची बियाणी जे विकतात त्यांच्याबद्दल काय बोलायचं, तशी स्ट्रॉबेरी जगात नाही, फोटो रंगवलेला असतो.

तर स्ट्रॉबेरी बाजूला ठेवू नि तुम्हाला नक्की काय पाहिजे ते बघू. जमीन उघडी पडायला नको, लॉनचा खर्च नको, आणि हात घातला की काहीतरी खायला मिळायला पाहिजे. हे तिन्ही कोकणात होतं, फक्त एकाच झाडाकडून सगळ्या जागेत होत नाही.

माझा हिशेब साधा आहे. आपल्याकडे पावसात जमीन उघडी राहतच नाही, तुम्ही काही लावा न लावा, टाकळा, कुर्डू, आंबुटी येतातच. प्रश्न असतो दिवाळीनंतरचा. तेव्हा आधी बघायचं की फेब्रुवारी ते मे पाणी कुठे पडतं. आगरात पोफळींना शिंपणं असतंच, तिथे बारमाही हिरवं ठेवता येतं. पुढच्या अंगणाला कुणी पाणी देणार नसेल तर तिथे जे लावाल ते हंगामी असणार, पावसात वाढेल, उन्हाळ्यात वाळेल, आणि त्यात वाईट काही नाही, तेव्हा त्यावर पातेरा, म्हणजे झाडांचा वाळका पाला, पसरायचा. पातेरा जाळू नका एवढी एक विनंती, आपल्याकडे सकाळी झाडून काडी लावायची सवय आहे नि तेच नंतर शेणखत विकत आणायचं.

पोफळीखालच्या ओलसर सावलीत माझी पहिली पसंती ब्राह्मीला, म्हणजे गोल पानांची मंडूकपर्णी, काही घरात हिला कारिवणा किंवा एकपानी म्हणतात. नर्सरीत ब्राह्मी म्हणून दोन वेगळी झाडं मिळतात, एक बारीक जाड पानांची, कडू, ती पाणथळ जागेतली, ती नको, आपल्याला पाहिजे ती नाण्याएवढ्या किंवा जरा मोठ्या गोल पानांची, देठ लांब, पानाच्या कडेला बारीक दाते. ही पसरते अगदी स्ट्रॉबेरीसारखीच, धावत्या फुटव्यांनी, प्रत्येक पेराला मुळं. वीत-वीत अंतरावर जूनमध्ये लावलीत तर पहिल्याच पावसाळ्यात जमीन भरते. पावसाचं पाणी चार तास साचलं तरी हिला काही होत नाही, आणि पोफळीच्या आळ्यातलं पाणी उन्हाळ्यात पुरतं. ओलं खोबरं, हिरवी मिरची, जरासं आमसूल नि मूठभर पानं, याची चटणी भाकरीबरोबर करून बघा. देठ कोवळेच घ्यायचे, जून झाले की चरचरीत लागतात. कच्चं खायचं असल्याने एक काळजी घ्या, पावसात गटाराच्या नि गोठ्याच्या कडेची पानं तोडू नका, उंदीर फिरतात तिथली तर नाहीच, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून होणाऱ्या तापाचा, त्रास आपल्याकडे दर पावसाळ्यात असतो, वाहत्या पाण्यात नीट धुऊन मगच वाटा. आणि औषध समजून रोज ग्लासभर रस वगैरे प्रकार नको, विशेषतः गरोदर बाई किंवा लिव्हरचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर डॉक्टरला विचारूनच.

त्याच आगरात जरा उंचवट्यावर, जिथे पाणी थांबत नाही, तिथे पिंपळी. ही मिरीच्या कुळातली, पण मिरीसारखी वर चढत नाही, जमिनीवर सरपटते, पान विड्याच्या पानाची छोटी आवृत्ती. माडा-पोफळीच्या सावलीत हिला स्वर्ग. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने लाखी बागेची जी पद्धत लोकांपर्यंत नेली, माडाच्या मधे जायफळ, दालचिनी, मिरी, तिच्याच तळमजल्यावर ही चपखल बसते असं माझं मत. दोन-तीन पेरांचे मुळं फुटलेले फाटे, दोन-दोन फुटांवर, पावसाच्या सुरुवातीला. नर नि मादी वेल वेगळे असतात, फळासाठी मादी वेलच पाहिजे, हे नर्सरीवाल्याला विचारून घ्या, केरळ कृषी विद्यापीठाची विश्वम नावाची जात मिळाली तर डोळे मिटून घ्या. साधारण सहा महिन्यांनी पहिली पिंपळी धरते. हिरवी काळपट झाली नि अजून टणक आहे तेव्हाच तोडायची, लाल होऊ द्यायची नाही, मग चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायची. मुलगी येताजाता तोडून खाईल अशातली ही वस्तू नव्हे, जीभ भाजेल, पण घरच्या काढ्याला नि मसाल्याला वर्षभर पुरते, नि उरली तर विकली जाते.

समोरच्या उन्हाच्या, वाळूमिश्रित जागेत घोळ. तुम्ही म्हणाल ही तर तण, हो तणच आहे, म्हणूनच मरत नाही. मांसल पानं, जमिनीला चिकटून, खारे वारे सोसते, पाणी जेमतेम लागतं. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बी कोरड्या वाळूत मिसळून फेकायचं, बी फार बारीक असतं, नुसतं टाकलं तर एकाच जागी पडतं. आठवड्यातून एकदोनदा पाणी मिळालं तर मार्चपर्यंत छान राहते. डाळ घालून किंवा ताकातली भाजी करा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेताने खावी, ऑक्झलेट बरंच असतं. एकदा बी पडलं की पुढच्या वर्षी तुम्हाला लावायची गरज नाही.

उतार असेल, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पायथ्याला माती वाहून जात असेल, तर तिथे रताळ्याचा वेल. जूनमध्ये लावला की महिना-दीड महिन्यात जमीन झाकतो, कोवळे शेंडे भाजीला, खाली रताळी उपासाला. पण वाडीत डुक्कर येत असतील तर हे विसरा, एका रात्रीत नांगरल्यासारखी जमीन करून ठेवतात. हळद, आंबेहळद, अळू हे तुम्हाला माहितीच आहे, तेही जमीन झाकतात, पातोळ्यांना पानं घरची मिळतात, पण जानेवारीत वरून सगळं वाळून जातं.

फळाचं म्हणाल तर कोकणात फळ जमिनीवर ठेवणं म्हणजे वानर-माकडांना ताट वाढून ठेवणं. त्यांच्यातून उरलं तर बुलबुल, खारी, मुंगळे. स्ट्रॉबेरी समजा आलीच असती तरी तुमच्या मुलीच्या हाती किती लागली असती सांगता येत नाही. म्हणून मी लोकांना सांगतो की पान जमिनीला नि फळ कुंपणाला. गडग्याच्या कडेने करवंद लावा, कातळावर येतं, पाणी मागत नाही, काट्यांमुळे गुरं शिरत नाहीत, एप्रिल-मेमध्ये मुंबईहून माणसं येतात तेव्हाच पिकतं. मे महिन्यात पिकलेल्या फळातलं बी लगेच पिशवीत टाका, ठेवून दिलं तर रुजायची ताकद जाते. फळ यायला दोन-तीन वर्षं जातात. आणि जमिनीलगतचं काही गोड पाहिजेच असेल तर चिरपोटी, ती कागदी आवरणातली छोटी फळं, पावसानंतर परसात आपोआप उगवतात, चारदोन रोपं राखून ठेवा. फळ पूर्ण पिकून गळून पडेल तेव्हाच खायचं, हिरवं अजिबात नाही, त्यात विषारी द्रव्य असतं, हे मुलीला नीट समजावून सांगा.

एक गोष्ट कुणी बागेच्या व्हिडिओत सांगत नाही ती म्हणजे फुरसं. आपल्याकडे चिऱ्यांच्या खाचेत, पालापाचोळ्यात हा साप असतो, लहान, मातीच्या रंगाचा, दिसत नाही. भिंतीला लागून दाट काहीही लावू नका. घराभोवती चार-पाच फूट पट्टा मोकळा, झाडलेला, जमलं तर सारवलेला ठेवायचा, विहिरीकडे नि संडासकडे जाणारी वाटही तशीच, आणि ब्राह्मी-पिंपळी तोडायची ती उजेडात, हात घालण्याआधी काठीने हलवून. जुन्या लोकांनी खळं-अंगण मोकळं ठेवलं ते उगाच नाही.

माळ्याची पिवळी वेल म्हणजे वेडेलिया, तिला नाही म्हणा. स्वस्त मिळते, लगेच भरते, फोटोत छान दिसते, पण मूळची मध्य-दक्षिण अमेरिकेतली, प्रत्येक पेराला मुळं फुटतात, एकदा पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, उतरली की खाली सगळ्या गावाच्या वाड्यांत जाते नि मग उपटत बसा. खाण्याच्याही उपयोगाची नाही. नुसतं हिरवं नि थोडं चालता येईल असं पाहिजे असेल तर पिंटोई लावा, भुईमुगाच्या जातीतली, फुलं हिचीही पिवळीच, मूळची ब्राझीलची आहे पण बेफाम होत नाही, मुळांवर नत्राच्या गाठी असतात त्यामुळे माडालाही फायदा.

आता मुलीचा हट्ट. तो पुरवता येतो, पण कुंडीत आणि एका हंगामापुरता. पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, महाबळेश्वर-वाईकडून साधी स्ट्रॉबेरीची रोपं आणा, बियांच्या नादाला लागू नका, जंगली जातीचं बी आधी फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे ठेवावं लागतं, मग उजेडात वरच्यावर पेरायचं, उगवायला महिना घेतं नि तोवर आपली थंडी अर्धी संपते. पसरट कुंडी, कोकोपीट, जुनं शेणखत नि आपली लाल माती समसमान, माती किंचित आम्ल असलेली तिला आवडते, ती आपली आहेच. लावताना गड्डा मातीच्या वर राहिला पाहिजे, पुरला की कुजला. सकाळचं ऊन, दुपारी सावली. खाली भाताचा पेंढा अंथरा म्हणजे फळ मातीला टेकत नाही, वर जुनी मच्छरदाणी, पण फुलं असताना सकाळी ती उघडा, माशा आल्या नाहीत तर फळ वेडंवाकडं होतं. पाणी गोडं पाहिजे, स्ट्रॉबेरीला मीठ अजिबात चालत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत वाटीभर फळं मिळतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे सुटले नि पारा ३७-३८ ला गेला की पानांमागे लाल कोळी येतो, तेव्हा औषधं मारत बसू नका, रोपं खताच्या खड्ड्यात टाका नि कुंडी मोकळी करा.

आत्ता लगेच करायचं म्हणजे घोळीचं बी जमवा आणि पातेरा साठवा, ब्राह्मी-पिंपळी पुढच्या जूनला. त्याआधी मला पोफळी साधारण किती नि किती अंतरावर आहेत, विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं का, आणि रात्रीचे डुक्कर येतात का एवढं कळवा, म्हणजे पिंपळीचे फाटे किती लागतील ते सांगता येईल.